ट्रॉलीचा टायर भर रस्त्यात फुटतो तेव्हा



कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली, की पुढले चार-पाच महिने रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. ज्या भागात ऊस नाही तिथेही ट्रॉली रिकामी बसत नाही. कडबा, कांदा, शेणखत, विटा, काही ना काही तिच्यात असतेच. आणि या दिवसांत कुठल्या तरी वळणावर एक देखावा हमखास दिसतो: एका अंगाला झुकलेली भरली ट्रॉली, खाली चिंध्या झालेला टायर, आणि शेजारी डोक्याला हात लावून बसलेला ड्रायव्हर. विचारले तर सांगतो, “काल तर चांगला होता, एकाएकी फुटला बघा.”

एकाएकी फुटला, असे आपल्याला वाटते. खिळा किंवा काच घुसून टायर बसतो, ती गोष्ट निराळी. पण बार उडाल्यासारखा आवाज करून जो टायर फुटतो, तो बहुधा कित्येक दिवस आतून शिजत आलेला असतो. नुसता टायर गेला तर पैशाचे नुकसान. पण ट्रॉली उलटली, वर बसलेले माणूस खाली आले, किंवा रात्री मागून येणारा मोटारसायकलवाला उभ्या ट्रॉलीवर आदळला, तर ते नुकसान कशाने भरून यायचे? म्हणून टायर फुटू नये यासाठी काय करावे आणि फुटलाच तर पहिल्या पाच मिनिटांत काय करावे, या दोन्ही गोष्टी थोड्या विस्ताराने पाहू.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची का?

“ऊन तापलंय, हवा जरा कमीच ठेव, नाहीतर टायर फुटंल,” हा सल्ला गावोगाव ऐकू येतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला उलटा आहे. टायर फुटण्यामागे जास्त हवेपेक्षा कमी हवेचा दोष कितीतरी अधिक वेळा असतो.

याची प्रचीती घरबसल्या घेता येते. बांधणीच्या तारेचा वीतभर तुकडा घ्या आणि एकाच जागी भराभर मागे-पुढे वाकवा. दहा-वीस वेळा वाकवल्यावर वाकलेल्या जागेला बोट लावून पहा, चटका बसेल. आणखी वाकवलीत तर तार तुटेल. टायरच्या बाजूची भिंत अशीच असते. चाक फिरताना टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तिथली भिंत दबते, वर गेली की सरळ होते. हवा पुरी असेल तर ती थोडीच दबते. हवा कमी असेल तर दर फेऱ्याला पार फुगून वाकते. भरल्या ट्रॉलीचे चाक एका किलोमीटरला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेते. कारखाना वीस किलोमीटरवर असेल तर भिंत किती वेळा वाकली याचा हिशेब तुम्हीच करा. रबर आणि आतले नायलॉनचे दोरे यांची पकड त्या उष्णतेने सुटत जाते. वरून काही दिसत नाही. मग एखाद्या दुपारी, एखाद्या खड्ड्यात, तो टायर जातो, आणि दोष खड्ड्यावर येतो.

ऊन लागून हवेचा दाब वाढतो, हे मात्र खरे. सकाळी ६० पौंड हवा भरलेला टायर चालून-चालून ३० अंशांनी तापला तर आतला दाब सातेक पौंडांनी वाढतो. पण चांगला टायर एवढी वाढ धरूनच बनवलेला असतो. तापलेल्या टायरातली वाढीव हवा सोडून दिली, की टायर निवल्यावर हवा कमी पडते आणि दुसऱ्या दिवशी वर सांगितलेले दुखणे सुरू होते. म्हणून हवा तपासायची ती सकाळी, ट्रॉली हलण्यापूर्वी, टायर थंड असताना. गाडी चालवून आल्यावर मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरात बारा-पंधरा पौंड हवा पुरते. तो टायर रुंद आणि उंच, नांगरटीत मातीला धरून चालायचा. ट्रॉलीचा टायर आकाराने लहान, पण त्याच्यावर ओझे टनावारी, म्हणून त्याला कितीतरी पट जास्त हवा लागते. नेमकी किती, ते टायरच्या आकारावर आणि पी.आर. आकड्यावर ठरते. टायरच्या भिंतीवर जास्तीत जास्त वजन आणि त्यासाठी लागणारा दाब कोरलेला असतो. टायर जुना होऊन अक्षरे पुसली असतील तर टायर विकणाऱ्याकडून विचारून घ्या आणि ट्रॉलीच्या फळीवर रंगाने लिहून ठेवा. नव्या ड्रायव्हरलाही मग विचारत बसावे लागत नाही.

लोखंडी पान्याने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखणारे जुने ड्रायव्हर आहेत. बसलेला टायर त्यांना कळतो, यात शंका नाही. पण साठातले पंधरा पौंड कमी झालेले कानाला कळत नाहीत, डोळ्यालाही नाही, आणि टायर शिजायला तेवढे पुरते. हवेचा गेज स्वतःचा घ्या. दुकानातला गेज दिवसात शंभरदा आपटलेला असतो, तो दोन-चार पौंड इकडे-तिकडे दाखवू शकतो.

एकाच टायरातली हवा दर दोन-तीन दिवसांनी उतरत असेल तर नुसती भरत राहू नका. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी किंवा साबणाचे पाणी लावून पहा. बुडबुडा आला तर आतली पिन बदलायची, काम दोन मिनिटांचे. बुडबुडा नाही, तर बाभळीचा काटा किंवा उसाच्या खोडाची धारदार कपची टायरात असणार. ती बाहेर काढल्याशिवाय ट्यूबला ठिगळ लावून उपयोग नाही. आठवड्यात पुन्हा तेच. व्हॉल्व्हचे टोपण हरवू देऊ नका, धूळ आत गेली की पिन नीट बसत नाही.

वजनाचा हिशेब

समजा, तुमच्या चारचाकी ट्रॉलीच्या एका टायरवर १८०० किलो लिहिले आहे. चार टायर मिळून ७२०० किलो. ट्रॉलीचे स्वतःचे वजन २००० किलो धरले तर मालाला उरले ५२०० किलो. एवढे साधे गणित. पण आपण माल भरतो तो टायर पाहून नाही, फळ्या पाहून. फळ्यांच्या वर आणखी दोन हात ऊस रचायचा आणि साखळदंडाने आवळायचा. कारखान्याच्या काट्यावर मिळणाऱ्या पावतीवर निव्वळ वजन छापलेले असते. ती पावती नुसती बिलासाठी जपू नका, एकदा टायरच्या आकड्याशी ताडून पहा. पुष्कळांना ते पाहून धक्का बसेल.

शिवाय वजन चारी टायरांवर सारखे पडत नाही. रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे डाव्या अंगाला ओझे जरा जास्त. खिळे, काचा, फुटके दगडही कडेलाच साठलेले. म्हणून डावीकडचे टायर आधी पहावेत. माल एका बाजूला किंवा पार मागे रचला असेल तर आणखी फरक पडतो. वेगाचेही तसेच. ट्रॉलीच्या टायरवरचा वजनाचा आकडा ठरावीक वेगापुरता असतो. भरली ट्रॉली उताराला गिअर काढून सोडणारे ड्रायव्हर डिझेल वाचवतात खरे, पण टायर, ब्रेक आणि जीव तिन्ही पणाला लावतात.

जुने टायर घेताना दोन शब्द. ट्रकचे उतरवलेले टायर ट्रॉलीला घालण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. नव्याची किंमत पाहता ते समजण्यासारखे आहे. पण नुसती नक्षी पाहून घेऊ नका. टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन वर्षाचे. ३५१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. सहा-सात वर्षांच्या पुढे गेलेला टायर नक्षी शाबूत असली तरी जाणकाराला आतून-बाहेरून दाखवल्याशिवाय भरल्या ट्रॉलीला लावू नये. भिंतीला बारीक भेगा, कुठे टेंगूळ आलेले, आतले दोरे दिसत असलेले, असला टायर फुकट मिळाला तरी महाग. एकाच आसावर एक नायलॉनचा आणि एक तारेचा रेडियल, किंवा एक नवा आणि एक गुळगुळीत, अशी जोडी लावू नये. जोडचाक असेल तर हे फारच जपावे. जोडीतला एक टायर बसला, की त्याचे सारे ओझे शेजारचा उचलतो, वरून कळत नाही, आणि थोड्याच वेळात तोही जातो.

फुटला! आता काय?

आवाज होतो, ट्रॉली एका अंगाला बसते आणि ट्रॅक्टरला त्या बाजूला ओढते. अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो. तोच आवरायचा. ट्रॅक्टर एकदम थांबला आणि मागचे आठ-दहा टन थांबले नाहीत, तर ट्रॉली मागून रेटते आणि ट्रॅक्टर आडवा वळून दोन्ही उलटतात. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर मागची झोका घेऊन रस्ताच अडवते.

तेव्हा दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून ट्रॅक्टर सरळ ठेवा. पेट्रोलच्या गाडीसारखा क्लच दाबून मोकळा सोडू नका. गिअर तसाच राहू द्या, रेस हळूहळू कमी करा, इंजिनच ट्रॉलीला आवरते. वेग पडला की मग हलक्या पायाने ब्रेक. डावीकडे कडेला घ्या, पण ओल्या भुसभुशीत साईडपट्टीवर एकदम उतरू नका. झुकलेली ट्रॉली तिथेच कलंडते.

इथे एक फार महत्त्वाची गोष्ट. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळताना त्याचा उपयोग. पण रस्त्याला लागताना दोन्ही पायट्यांना जोडणारी खिट्टी लावलेली हवी. ती सुटी राहिली आणि घाबरून एकच पायटा दाबला गेला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. शेतातून बांधावर आलात की खिट्टी लावायची, ही सवय हाडीमांसी खिळू द्या.

“गाव तर आलंच की, चालतंय तसंच नेऊ,” हा मोह टाळावा. बसलेल्या टायरावर ट्रॉली ओढली, की रिम वाकते, ट्यूबचा चोथा होतो आणि घासून रबर इतके तापते की पेट घेते. वर कडबा किंवा उसाचे वाळके पाचट असेल तर पुढचे सांगायला नको. धूर दिसला तर आधी माणसे लांब करा. पेटत्या टायरच्या भिंतीसमोर उभे राहू नका, तो कधीही फुटतो. भरपूर पाणी मारल्याशिवाय रबराची आग विझत नाही. वर विझली असे वाटते आणि आत धुमसत राहते.

मालावर माणसे, विशेषतः तोडणीवाल्यांची मुले, बसवलेली असतात. हे लिहिताना ठाऊक आहे की रात्री फडावरून कोपीपर्यंत जायला त्यांना दुसरे साधन नसते. तरीही सांगणे भाग आहे. टायर फुटून ट्रॉली झुकते तेव्हा उसाच्या मोळ्या आधी घसरतात, आणि त्यांच्याबरोबर वर बसलेला माणूस. मुकादमाने आणि ट्रॅक्टरमालकाने मिळून रिकाम्या खेपेची किंवा वेगळ्या गाडीची सोय लावली पाहिजे.

रात्रीची वेळ असेल तर चाकाकडे बघण्याआधी मागच्या रस्त्याकडे बघा. अंधारात बिनदिव्याची उभी ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसतच नाही. उसाचे शेंडे मागे लोंबत असतील तर ट्रॉलीचे लाल परावर्तकही झाकलेले असतात. एका माणसाला बॅटरी घेऊन निदान शंभर पावले मागे पाठवा. वळण असेल तर वळणाच्याही पलीकडे. त्याने रस्त्यात नाही, कडेला उभे रहायचे. लाल तिकोनी फलक ट्रॉलीत कायम असू द्या. तो नसला तर आपण झाडाच्या फांद्या आणि दगड मांडतो. मांडा, पण काम झाल्यावर एकूण एक दगड उचलून बाजूला टाका. टायर बदलून ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि पहाटे दूध घेऊन निघालेला कोणी त्यावर पडतो. कुणाला लागले असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि पोलिसांसह कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक फिरवावा.

चाक बदलताना

ट्रॅक्टर बंद करून गिअरमध्ये ठेवा, हातब्रेक ओढा, किल्ली खिशात घाला. चांगल्या चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावा. दोनचाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवू नका. तिचा तोल ट्रॅक्टरच्या हुकावरच असतो, सोडली तर दांडा जमिनीत जाईल किंवा वर उसळेल. माल एका बाजूला घसरला असेल तर आधी उतरवा. आळस करण्याची ही जागा नव्हे.

चाकाचे नट जॅक लावण्यापूर्वीच, चाक जमिनीवर असताना, अर्धा-अर्धा फेरा सैल करावेत. ट्रकचा जुना आस घालून बनवलेल्या काही ट्रॉल्यांत डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात. पान्यावर दोघे चढूनही नट हलेना तर आधी आटे कोणत्या दिशेचे ते पहा; नाहीतर सोडवण्याऐवजी आवळत बसाल. जॅकखाली जाड फळी घाला, नाहीतर तो मातीत रुततो. जॅक आसाखाली लावायचा आणि थोडे उचलले, की शेजारी लाकडाचा ओंडका सरकवायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॉलीखाली डोके घालू नये.

नट आवळताना एकाच दिशेने ओळीने नको. समोरासमोरचे आवळत जावे, म्हणजे चाक सरळ बसते. दहा-वीस किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा एकदा आवळा. नवे बसवलेले चाक थोडे ढिले पडतेच.

हवा भरताना जीव जातो

टायर रस्त्यात फुटतो त्याची चर्चा होते. पंक्चरच्या दुकानात हवा भरताना रिंग उडून माणूस दगावतो, त्याची कमी होते. म्हणून हे जरा सविस्तर.

मोठ्या चाकांच्या रिमला पुष्कळदा एका बाजूने पोलादी रिंग बसवलेली असते. हवेच्या दाबाने ती जागेवर राहते. रिंग गंजलेली, वाकलेली किंवा अर्धवट बसलेली असेल तर हवा भरताना ती गोळ्यासारखी सुटते. समोर तोंड करून बसलेल्याला सावरायला वेळच मिळत नाही. त्यासाठी दुकानात लोखंडी पिंजरा हवा, चाक त्यात ठेवून लांब नळीने हवा भरायची. पिंजरा नसेल तर निदान रिंग असलेली बाजू भिंतीकडे किंवा जमिनीकडे करावी, साखळदंड आवळावा आणि स्वतः बाजूला, नक्षीच्या रेषेत, उभे रहावे. रिंगवर हातोडा मारून ती “बसवण्याची” सवय फार वाईट.

चाक खोलण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. जोडचाकात तर दोन्ही टायरांची. टायरच्या बैलगाडीला काही वेळा दोन अर्ध्या भागांची, बोल्टने जोडलेली रिम असते. तिथे चाक आसावरून काढायचे नट निराळे आणि रिमचे दोन भाग जोडणारे बोल्ट निराळे. हवा असताना दुसरे सोडवले तर रिम स्फोटासारखी उघडते. घरच्या पोरांना हे आवर्जून दाखवून ठेवा.

जो टायर हवा उतरलेली असताना लांबवर ओढला गेला, तो वरून धड दिसला तरी तसाच फुगवू नये. आधी रिमवरून उतरवून आतून पहावा. आत काळी पूड, सुरकुत्या, सुटलेले दोरे किंवा तुटलेली तार दिसली तर तो टायर संपला. असा टायर हवा भरताना भिंतीतून फाटतो. नव्या टायरला ट्यूब आणि फ्लॅप त्याच मापाचे घ्या. मोठी ट्यूब दुमडून कोंबली, की घडीवर चिरते.

जाता जाता एक गंमत सांगण्याजोगी. टायरच्या बैलगाडीला आपण ज्या नावाने डनलॉप म्हणतो, तो जॉन बॉइड डनलॉप धंद्याने जनावरांचा डॉक्टर. बेलफास्ट गावात त्याने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. दगडी रस्त्यावर लोखंडी धावेपेक्षा हे चाक किती हलके ओढते, ते आपल्या बैलांनाच विचारावे. पण बैलगाडीच्या टायरलाही वरचेच सारे नियम लागू. हवा कमी असली तर टायर तर जातोच, शिवाय ओढ वाढून बैलाच्या खांद्याला त्रास होतो.

हंगाम संपल्यावर

पट्टा पडला, की ट्रॉली बांधावर किंवा गोठ्यामागे उभी राहते, ती थेट पुढच्या दिवाळीपर्यंत. हवा उतरत जाते, ट्रॉली त्याच एका जागी टायर चेपून बसते, वर ऊन-पाऊस चालूच. मग पहिल्याच खेपेला टायर फुटतो. रिकामी ट्रॉली आसाखाली दगड किंवा ओंडके देऊन टायर जमिनीवरून बोटभर उचलून ठेवा. तेही जमले नाही तर हवा पुरी भरा आणि महिन्यातून एकदा ट्रॉली थोडी पुढे-मागे करा. टायरांवर जुन्या पोत्याचे झाकण घाला. उन्हाने रबर तडकते. डिझेल, ऑईल, खताचे पाणी टायरखाली साचू देऊ नका. वाहतुकीचा करार करायच्या आधीच एकदा पाचही चाके, म्हणजे जादा चाक धरून, उतरवून तपासून घ्या. जादा चाक नेहमी विसरले जाते आणि ऐन वेळी त्यातच हवा नसते.